चुलीत टाकलेले केस

पहिला भोंगा वाजला तेव्हा मी एका म्हाताऱ्या कुवेती बाईंचा गुडघा वाकवत होते. मार्च २००३. इराकवर हल्ला सुरू झाला होता, आणि तिकडून आमच्यावर क्षेपणास्त्रं येतील, त्यांत विषारी वायू असेल, असं महिनाभर जो तो बोलत होता. कुवेतमध्ये जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. भोंगा वरखाली होत राहिला. म्हणजे धोका. सरळ लांब वाजला की संपलं, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हाताऱ्या बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. त्यांनी एक युद्ध पाहिलेलं होतं. मी पाहिलेलं नव्हतं.

माझी सहा वर्षांची मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चित्र रंगवत बसली होती. शाळा बंद झाल्या होत्या. आमच्या खैतानच्या इमारतीतली ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबं नाशिक-पुण्याला निघून गेली होती, त्यामुळे तिला ठेवायला कुणी नव्हतं. मी रोज तिला बरोबर आणत असे. आम्ही का गेलो नाही? नवरा तेलशुद्धीकरण कारखान्यात होता आणि तिथून निघता येणार नाही अशांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याला एकट्याला सोडून जायचं माझ्याच्याने झालं नाही. पोरीला तरी पाठवायला हवं होतं, हे मला त्या भोंग्यात कळलं.

आम्हाला तळघरातल्या चादरींच्या खोलीत जायचं होतं, बाकीच्यांना दुसऱ्या खोल्या. खिडकी नसलेली खोली, दाराच्या फटींना लावायला चिकटपट्टी, एक बेसिन, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या. वॉर्डाची मुख्य नर्स सगळ्यात शेवटी आत आली आणि दार लावून घेऊन फटींवर ओले टॉवेल दाबायला लागली. म्हाताऱ्या बाई चाकाच्या खुर्चीत, मी, माझी मुलगी आणि ती. एवढ्याच आम्ही त्या खोलीत होतो.

मुलीचं दप्तर उघडलं, पाण्याची बाटली काढायला. आत वायूपासून बचाव करणारा मुखवटा होता. नवऱ्याचा. कारखान्याने माणशी एकच दिला होता, कुटुंबाला नाही. सकाळी निघताना त्याने तो गुपचूप तिच्या दप्तरात टाकला होता आणि स्वतः रिकाम्या हाताने गेला होता. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सगळं कुवेत त्या क्षणी फोन लावत असणार.

मुखवटा तिच्या चेहऱ्याला फार मोठा होता. पट्टे आवळले तरी गालाशी बोट जाईल एवढी फट. तरी मी तो तिच्या तोंडावर दाबून धरला. तिचा श्वास आत घुमायला लागला, काचांवर वाफ धरली, आणि ती आतल्या आत ओकली. काढला, पुसला, आणि मी पुन्हा लावायला गेले. ती किंचाळली. शेवटी त्या नर्सने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "राहू दे. तो तिला बसत नाही. तुलाही माहीत आहे."

तासाभराने सरळ भोंगा झाला. संध्याकाळी नवरा घरी आला, धडधाकट.  मी मुखवटा धुऊन दोरीवर वाळत घातला.

पण पोरीने जेवण सोडलं. घास तोंडाजवळ नेला की ती ओठ मिटून घ्यायची. "देअर इज गॅस इन इट," एवढंच म्हणायची. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची. भात नको, तिकडची खुबूस रोटी नको, आवडीचा केक नको. पाणी तेवढं प्यायची, तेही मी आधी पिऊन दाखवल्यावर. दुसऱ्या दिवशी तीनदा भोंगा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेलेले दिसले. क्षेपणास्त्राची भीती एका बाजूला, आणि आपल्या डोळ्यांदेखत पोर अशी मिटत चालली आहे ही दुसऱ्या बाजूला. दुसरी जास्त होती.

त्या नर्सबद्दल सांगायला हवं. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, गव्हाळ रंगाची. पहिल्या दिवशी मी तिला गोव्याची समजून हिंदीत बोलले होते. ती हसून म्हणाली, "मी न्यूझीलंडची. माओरी." म्हणजे तिथले मूळचे लोक. आमची मैत्री म्हणावी तशी नव्हती. एकदा मी जेवणाचा डबा रुग्णाच्या उशीवर ठेवला होता, तर ती धावत येऊन तो उचलून टेबलावर ठेवून गेली. "उशीवर डोकं असतं. तिथे अन्न ठेवू नये," म्हणाली. मला ती जरा विचित्रच वाटली. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला जाणारी बाई, तिला हे कसलं आलंय सोवळं?

तिसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्या बाईंना तळघरातल्या खोलीतच व्यायाम देत होते. भोंगा नव्हता, पण त्या वर यायलाच तयार नव्हत्या. सिस्टरने पोरीकडे पाहिलं. माझ्याशी एक शब्द न बोलता तिला उचललं, बेसिनपाशी नेलं, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या डोक्यावर शिंपडलं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, हळू, तिच्या भाषेत. पुन्हा पाणी. पुन्हा पुटपुटणं.

मी म्हाताऱ्या बाईंचा पाय हातातून सोडला.

मी नाशिकची. आमच्या लहानपणी एक आत्या वसईकडची गोष्ट सांगायची. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायलं आणि सगळं गाव बाटलं. धाकट्या भावाच्या वेळी आईला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा आत्या दिवसभर पाळण्याशी बसून असायची. का, तर कुणी बाळाच्या डोक्यावर पाणी घालू नये म्हणून. मी शिकले, नोकरीला लागले, देश सोडला आणि या गोष्टींना हसले. पण ते हसणं किती वरवरचं होतं, ते त्या नळापाशी कळलं.

"काय करताय तुम्ही?" मी ओरडले. "माझ्या मुलीला काय करताय?"

मी तिला सिस्टरच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. पोर रडायला लागली. म्हाताऱ्या बाईंची जपमाळ थांबली.

"तिला न विचारता, मला न विचारता... घाबरलेलं पोर आहे म्हणून... हेच करता ना तुम्ही लोक?"

सिस्टरचे हात ओलेच होते. तिने ते पुसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिली आणि तेवढ्यात वर भोंगा सुरू झाला.

मग तेच. दार, ओले टॉवेल, चिकटपट्टी. या खेपेला कुठेतरी दूर दणका झाल्यासारखा वाटला आणि वरचा दिवा किंचित हलला. मी भिंतीला टेकून पोरीला छातीशी धरून बसले.  समोर तीन हातांवर ज्या बाईवर मी नुकतीच ओरडले होते ती बाई, आणि बाहेर जायला वाट नाही. 

मग सिस्टर म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं. पण तो बाप्तिस्मा नव्हता. ते पाणी पाद्र्यांच्या आधीचं आहे."

मी पोरीचे ओले केस हाताने पुसत राहिले.

"माझ्या पणजीची आजी," ती म्हणाली, "दहा वर्षांची होती तेव्हा आमच्या किनाऱ्यावर पहिला पाद्री उतरला. बरोबर बायको आणि तान्हं मूल. ऐकणार आहेस का?"

मी मान हलवली नाही, पण पोरीने हलवली. सिस्टर तिच्याकडे बघूनच सांगायला लागली.

गावच्या प्रमुखाने पाद्र्याला आश्रय दिला होता. त्याचा देव हवा होता म्हणून नाही. त्याच्याबरोबर लोखंडी कुऱ्हाडी येतात, खिळे येतात, गव्हाचं बियाणं येतं, आणि पुढे जहाजंही येतील म्हणून. कुंपण घालायला जागा दिली. पाद्र्याच्या बायकोला घरकामाला मुली हव्या होत्या, म्हणून या मुलीला पाठवलं. मुलगी भीतीने अर्धमेली झाली होती. त्या बाईचा चेहरा पांढराफटक. ती कधी मोठ्याने हसत नाही, रडत नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, हिच्या अंगात रक्त आहे की नाही कोण जाणे. आणि ती बाईही घाबरलेलीच होती. रात्री दाराला अडसर घालून झोपायची. हे लोक माणसं खातात म्हणून तिला जहाजावर सांगितलेलं.

"एके दिवशी तिने मुलीच्या डोक्यात उवा पाहिल्या," सिस्टर म्हणाली. "तिला वाटलं, पोरीचं भलं करू. कात्री घेतली, केस कापले. आणि कापलेले केस चुलीत टाकले. चुलीवर भांड्यात बटाटे शिजत होते."

ती थांबली. माझ्याकडे वळली. "आमच्यात डोकं सगळ्यांत पवित्र. पवित्र आणि धोक्याचं, दोन्ही. त्याला आम्ही तापू म्हणतो. आणि शिजवायचा विस्तव त्याच्या अगदी उलट. डोक्याचे केस अन्नाच्या विस्तवात गेले, म्हणजे..." तिला शब्द सापडेना.

"बाटली," मी म्हणाले. मराठीतच. तिला तो शब्द कळला नाही, पण माझा चेहरा कळला असावा.

"ती घरी आली आणि जमिनीवर आडवी झाली. जेवेना. कुणी तिला काही केलेलं नव्हतं, ताप नव्हता. ती मरणार हे तिला माहीत होतं, बस. आमच्याकडे अशी भीतीने माणसं खरोखर मेलेली आहेत."

पोरीने माझ्या कुशीतून डोकं वर काढलं.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं पाद्र्याच्या कुंपणावर गेली. चेहरे रंगवून, पाय आपटत, गर्जना करत. कुंपण मोडलं. कुऱ्हाडी, भांडी, घोंगड्या, सगळं उचललं. पाद्री दारात उभा राहून पुस्तक वाचत होता आणि त्याचा आवाज थरथरत होता. बायको बाळाला घेऊन पलंगाखाली. पण माणसाच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही.

"ती लूट नव्हती," सिस्टर म्हणाली. "भरपाई होती. चूक झाली, तिची भरपाई घेतली, संपलं. त्यानंतर गावात त्यांच्यावर कुणाचाच राग उरला नव्हता. पण हे त्या दोघांना कोण सांगणार? नर्सिंगचं शिकत असताना मी त्या पाद्र्याचं पत्र वाचलं. आमच्या गावाजवळच्या वाचनालयात त्याची नक्कल आहे. त्यात लिहिलंय की रानटी लोकांनी काहीही कारण नसताना आम्हाला लुटलं आणि देवाने त्यांची मनं पालटून आमचे जीव वाचवले. केसांबद्दल एक ओळ नाही. त्याला कधी कळलंच नाही."

वर पुन्हा काहीतरी हललं. म्हाताऱ्या बाई डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. त्यांना आमचं बोलणं कळत होतं की नाही कोण जाणे.

"अँड द गर्ल?" माझी मुलगी म्हणाली. तीन दिवसांत तिने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. "डिड शी डाय?"

"गावातल्या जाणत्या माणसाने तिला ओढ्यावर नेलं," सिस्टर म्हणाली. "पाणी शिंपडलं, आणि तापू उतरवायचे शब्द म्हटले. मघाशी मी म्हटले तेच. आमच्या घरातल्या बायकांनी ते जपून ठेवलेत. पण मुलगी तरी जेवेना. तिसऱ्या दिवशी पाद्र्याची बायको आली. एकटी, बाळाला घेऊन. नवऱ्याला न सांगता आली असं आमच्याकडे सांगतात. कुणीतरी बाईने तिला खुणांनी सांगितलं होतं की पोर मरतेय. केस दाखवून, विस्तव दाखवून. तिला किती कळलं देव जाणे. ती मुलीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देऊन. गावातल्या बायकांनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कुणी असं रडलं तर त्याला एकटं रडू देत नाहीत. त्याही तिच्याभोवती बसल्या आणि रडल्या. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा पटलं की हे माणूस आहे."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग मुलगी जेवली. रताळं. पण तिने अन्नाला हात लावला नाही, कारण तापू पुरता उतरेपर्यंत हाताने खायचं नसतं. तिच्या मावशीने नेच्याच्या काडीला टोचून एकेक घास तिच्या तोंडात घातला. मुलीला काहीच करायचं नव्हतं. फक्त तोंड उघडायचं."

 पोर विचार करत होती, ते मला तिच्या पाठीवरच्या हाताला कळत होतं. मग ती म्हणाली, "माझे पण हात नको लागू देऊ." आणि हे ती मराठीत म्हणाली.

माझ्या पिशवीत डबा होता. तीन दिवस मी तो भरून आणत होते आणि तसाच परत नेत होते. दहीभात. सिस्टरने खिशातून जीभ दाबून घसा तपासायची लाकडी पट्टी काढली, कागदातली, नवी. पोरीकडे नेली नाही. माझ्याकडे धरली.

"तू भरव," म्हणाली. "मी हात लावणार नाही."

मी पट्टीच्या टोकावर चार शितं घेतली. पोरीने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तोंड उघडलं. गिळलं. मी पुन्हा घेतलं. निम्मा भात तिच्या फ्रॉकवर सांडत होता. अर्धा डबा संपला तेव्हा सरळ भोंगा वाजला, पण आम्ही कुणी उठलो नाही. डबा रिकामा झाल्यावर मी रडले. म्हाताऱ्या बाईंनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि अरबीत काही म्हणाल्या, मला त्यातला फक्त 'अल्ला' कळला.

सिस्टरची माफी मी त्या दिवशी मागितली नाही. मागायला हवी होती. "हेच करता ना तुम्ही लोक" हे माझं वाक्य दोन-तीन आठवडे माझ्या कानात होतं. भोंगे त्यानंतरही वाजत राहिले. आम्ही खाली जायचो, पोर पट्टीने जेवायची, मग एक दिवस म्हणाली की आता हाताने जेवते. एप्रिलमध्ये चिकटपट्ट्या काढल्या गेल्या. भिंतींवर त्यांचे चिकट डाग राहिले.

त्या काळात मी सिस्टरला एकदाच नीट विचारलं, चहा पिताना. "त्या पाद्र्यांनी तुमच्या लोकांना एवढं सगळं रानटी म्हटलं, आणि तुम्ही चर्चला जाता?"

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ती मुलगी पुढे गावात सगळ्यांत आधी वाचायला शिकली. त्या बाईनेच शिकवलं. म्हातारपणी तिने बाप्तिस्माही घेतला, स्वतःच्या मनाने, कुणी न विचारता पाणी शिंपडून नाही. आणि त्याच मुलीच्या नवऱ्याने ज्या कागदावर खूण केली त्या कागदाने आमची अर्धी जमीन गेली. तो कागद वाचून दाखवणारा पाद्रीच होता. आता तूच सांग, मी यातलं काय टाकू? टाकता येत नाही. माझ्याकडे ते सगळं एकत्रच आलंय."

"भीती नाही वाटत?"

"कसली?"

 मी म्हणाले, "मला तुमची वाटली होती. त्या दिवशी. माझं चुकलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही तुझी वाटली होती. पोर हातातून ओढून घेणाऱ्या आईची कुणाला नाही वाटणार?" आणि तिने कपात आणखी साखर घातली.

जूनमध्ये तिचा करार संपला. विमानतळावर पोचवायला मी आणि पोर गेलो होतो. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. बाहेर पन्नास अंशांचं ऊन, आत थंडगार, आणि रांगेत इराककडून परतणारे सैनिक पाठपिशव्यांवर झोपलेले. निघायच्या वेळी ती खाली वाकली, पोरीच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं आणि डोळे मिटून दोन क्षण तशीच थांबली. त्यांच्याकडे असाच निरोप घेतात, एकमेकांचा श्वास घेतात, असं ती म्हणाली. पोर खुदकन हसली.

मग ती माझ्याकडे वळली. माझे हात आपोआप नमस्कारासाठी जुळले होते. इतक्या माणसांत, इतक्या जवळ, परक्या माणसाच्या चेहऱ्याला चेहरा लावायचा, मला ते धड जमणार नव्हतं.  तिने घाई केली नाही. तिच्या विमानाची घोषणा दोनदा झाली, तरी ती माझ्यासमोर उभी राहिली, हात खाली सोडून.

मी डोळे मिटले आणि पुढे झाले.